नथूभाऊ, ती शेवटची ओळ कोणाची?

भाऊ, तू गेल्याचा फोन आला तेव्हा खरं सांगते, आधी रडू आलं नाही. आधी संशय आला. म्हटलं, टाळलं यानं पुन्हा. येत्या बाजाराच्या दिवशी मी शहाद्याला येणार होते, तुझ्या खाटेशेजारी बसणार होते आणि उत्तर घेतल्याशिवाय उठणार नव्हते. तसा निरोपही पाठवला होता. आणि तू त्याआधीच निघून गेलास. अडचणीचा प्रश्न आला की तुला नेहमी काहीतरी काम निघायचं, पण इतकं मोठं काम काढशील असं वाटलं नव्हतं.

गेलेल्या माणसाशी कोणी असं बोलतं का, म्हणतील लोक. मी बोलते. जन्मभर तुझ्याशी असंच बोलत आले, आता कुठली गोड भाषा शिकू? शिवाय मला घाई होती. भगतबाबांच्या मळ्यात एक पोरगी माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. कविता तिचं नाव. धडगावकडच्या डोंगरातली, मराठी आमच्यात येऊन शिकली, रागावली की अजून पावरीतच बोलते. तिचा बाप चिंचपाड्याच्या दवाखान्यात होता आणि जवळच्या माणसांना बोलावून घ्या असं तिथून सांगणं आलं होतं. तिला जायचं होतं. मळ्याचा नियम आडवा आला. नियम म्हणजे काय, तर तू छापलेली एक ओळ: “मळ्यात आलेल्यानं मागच्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नये.” मी म्हणून पाहिलं की दवाखाना म्हणजे काही उंबरा नव्हे. तर मोठी माणसं म्हणाली, जिथं बाप तिथं उंबरा. जायचं तर जाऊ दे, पण मग परत यायचं नाही. आणि कविताला मळ्याशिवाय दुसरं ठिकाण नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

म्हणून मला तुला एवढंच विचारायचं होतं. ही ओळ भगतबाबांची की तुझी? बाबांची असेल तर त्या पोरीला थांबवणं मला भाग होतं. तुझी असेल, तर मी माझ्या आईला कशापायी मुकले?

मला सगळं पहिल्यापासून आठवतं, आणि माझी आठवण चांगली आहे, तेच तुला नको असायचं. बाबांनी प्रकाशाजवळ तापीकाठच्या त्या शेतात देवाच्या नावानं चूल पेटवली तेव्हा तिथं होतं काय? एक वड, दोन झोपड्या आणि बाबा. शेत सगळ्यांचं, चूल सगळ्यांची, जात विचारायची नाही. गुजर बाई भाकरी थापायची आणि भिल्लाचा म्हातारा तिच्या शेजारी बसून मिरची वाटायचा, हे बघायलाच लोक यायचे आणि नाक मुरडून जायचे. बाबांना अक्षरओळख नव्हती. अहिराणीत बोलायचे, आज एक, उद्या त्याच्या उलट, आणि दोन्ही पटायचं. पण ऐकणार कोण? वडाखाली मावतील तेवढे. बाबा असेपर्यंत मळा चालला असता, पुढं काय झालं असतं कोण जाणे.

मग यात्रेला तू आलास. महादेवाच्या दर्शनाला आला होतास, वडाखाली टेकलास, ऐकलंस आणि गेलास. आणि पुढच्या वेळी आलास तो कागदाचा गठ्ठा घेऊन. कोणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. बाबांचं बोलणं तू पुस्तकी मराठीत नीट लावून छापलं होतंस. बाबांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, हे मीच बोललो होतो का? सगळे हसले. मीही हसले. आज वाटतं, म्हाताऱ्याला तेव्हाच पाणी कुठं मुरतंय ते दिसलं होतं.

पण कागदानं काम केलं, हे नाकबूल कसं करू? विसरवाडीच्या फाट्यावर चहाच्या टपऱ्यांवर तो कागद गेला, ट्रकवाल्यांच्या खिशातून गुजरातेत गेला, नवापूरच्या डोंगरात शाळामास्तरांनी तो वाचून दाखवला. बाबा कुठंच गेले नाहीत, तुझा कागद गेला. घड्या पडून पिवळा झालेला कागद हातात धरून माणसं मळा विचारत यायची. वडाखाली बसून ज्यांनी ऐकलं त्यांतले निम्मे निघून गेले, आणि ज्यांनी नुसतं वाचलं ते राहिले. आवाजापेक्षा छापलेल्यावर माणसाचा विश्वास जास्त. त्यात वाचता न येणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त.

म्हणून तर ती पद्धत पडली. सकाळी चूल पेटवण्याआधी सगळ्यांनी उभं राहायचं, एकानं पुस्तिका वाचायची, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. आणि छापलेलं काही गाळायचं नाही, देवाचं आहे. पहिल्या पुस्तिकेच्या वेळी तर लोकांनी हात जोडून शेवटची ओळसुद्धा म्हटली, “मुद्रक नथू, शहादा.” मी वाचणारी होते, मला हसू आवरेना. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. त्यानंबी नाव देवना कानवर जाई.” त्या दिवसापासून तुझं नाव आमच्या प्रार्थनेत आलं. तुला सांगितलं तेव्हा तू लाजलास, पण पुढच्या पुस्तिकेत नाव काढलं नाहीस. हे मी तेव्हाच ध्यानात ठेवलं होतं.

मला वाचणारी तूच केलंस. मी नवऱ्यामागं माहेरी परत आलेली पोर, भावजयीच्या संसारात अडगळ. नदीपलीकडून बाबांची चूल दिसायची, तशी एक दिवस नावेत बसून आले. सातवी झालेली आहे कळल्यावर तू मला प्रुफं तपासायला शहाद्याला बोलावू लागलास. छापखान्यात बाई बसलेली बघून बाजारात कुजबुज झाली, तेव्हा तू उंबऱ्यावर उभा राहून म्हणालास, ही आमची बेन आहे, बहीण आहे, आणि आत वळून मशीन चालू केलंस. अक्षरांचे उलटे खिळे सुलटे कसे वाचायचे ते शिकवलंस. पायानं ते छपाईचं ट्रेडल मारत, तोंडात तंबाखू, आणि मी एक काना चुकवला तरी लगेच डोळे मोठे करायचास. मला माणसात आणलं ते बाबांनी, पण कामाला लावलं तू. ते उपकार मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच तुझ्यावर संशय घेताना माझाच जीव जळायचा.

आता ऐक, मी काय काय जोडून पाहिलं ते.

बाबा असेपर्यंत दर आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, मळ्यातल्या झाडून सगळ्या बाया माहेरी जायच्या. बाबाच हाकलायचे. “जाय माय, झोका खेळी ये, आंबा खाई ये,” म्हणायचे. आपल्याकडं आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर शेजारी विचारतात, मेली की काय. मी नावेतून पलीकडं जायचे, आईच्या हातची खापरावरची पोळी खायचे आणि परत यायचे. हा माणूस मरताना म्हणेल का, की मागच्या उंबऱ्याला पाय लावू नका?

बाबा गेल्यावर त्यांच्या शेवटच्या दिवसांतल्या बोलण्याची पुस्तिका काढायचं ठरलं. जवळ बसलेल्यांनी प्रत्येकानं आपापलं ऐकलेलं तुला सांगितलं, तू लिहून घेतलंस आणि छापून आणलंस. अगदी शेवटच्या पानावर, तळाला ती ओळ होती. पहिल्या सकाळी मीच ती वाचली आणि सगळ्यांनी म्हटली. कोणी विचारलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, आपण पाणी आणायला गेलो असू तेव्हा बाबा दुसऱ्या कोणाजवळ बोलले असतील. मलाही तसंच वाटलं. छापलेलं आहे म्हणजे कोणीतरी ऐकलेलं आहेच.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी माझा सख्खा भाऊ मला न्यायला आला. आई अंथरुणाला खिळली होती, माझं नाव घेत होती. मी त्याला फाटकात उभं राहून ती ओळ ऐकवली. तो वळून नावेकडं चालत गेला. आई गेली त्या दिवशी पलीकडच्या काठाला धूर दिसत होता आणि मी इथं सगळ्यांच्या भाकरी थापत होते. अजूनही ते घर नदीच्या या काठावरून दिसतं. बंधारा झाल्यापासून पाणी वाढलंय, एवढाच काय तो फरक.

संशय पुष्कळ नंतर आला, तो तुझ्याच छापखान्यात. तुझी खोड मला ठाऊक होती. पानात तळाला जागा उरली की ती तुला सोसायची नाही. म्हणायचास, कोरी जागा दिसली की लोक तिथं दुधाचा हिशोब मांडतात, मग पुस्तकाचा मान राहत नाही. सोसायटीचा अहवाल असो की भजनाची चोपडी, उरलेल्या जागेत तू आपल्या मनानं एखादं वचन बसवायचास. पण वर रेघ द्यायचास आणि बारीक खिळे लावायचास, म्हणजे मजकूर वेगळा आणि भर वेगळी हे दिसायचं. एका लग्नसराईत मी गेले तेव्हा तुझे सगळे बारीक खिळे आणि रेघा लग्नपत्रिकांत अडकलेल्या. एका भजनाच्या चोपडीच्या तळाला तू मोठ्याच खिळ्यांत वचन लावत होतास, वर रेघ नाही, काही नाही. बाबांच्या पुस्तिकेतली ती ओळही अशीच मोठ्या खिळ्यांत, रेघेशिवाय होती. बाबा गेले होते तेव्हाही लग्नसराईच होती.

आणि वचन तरी कसलं? मागचा उंबरा! भावांशी वाटणीवरून भांडून तू रनाळ्याहून निघालास तो परत गावात पाय टाकला नाहीस, हे शहाद्यात कोणाला ठाऊक नव्हतं? तुझं दुखणं तू आमच्या देवाच्या तोंडी घातलंस की काय? कधी दुसरा संशय यायचा. बाबांमागं मळा विस्कटायला लागला होता, तरणी पोरं घरी जाऊन परत येत नव्हती. त्या ओळीनं ती थांबली. मळा टिकला, वाढला, आज पलीकडच्या तालुक्यात त्याची दुसरी चूल आहे, ती त्या ओळीमुळं. म्हणजे मळ्यातल्याच कोणी जाणत्यानं तुझ्या कानात सांगून ती घालून घेतली का? फायदा कोणाचा झाला ते बघायचं, असं तूच म्हणायचास.

विचारलं मी तुला. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तू ट्रेडल मारत राहिलास, जणू ऐकूच आलं नाही. पुढं एकदा यात्रेत, पुस्तिकांच्या पालात, गिऱ्हाईक नसताना धरलं. तेव्हा म्हणालास, “बेन, छापेल शे म्हंजे कोन्ही तरी सांगेल शे.” मी म्हटलं, कोणी ते सांग. तू उठून पाणी प्यायला गेलास. मग मुलानं छापखाना बंद करून फ्लेक्सचं दुकान टाकलं, तुझे खिळे भंगारात गेले, आणि तू ओट्यावर बसून येणाराजाणारा मोजू लागलास. फोनवर विचारलं की आंब्याचा मोहर कसा आहे ते सांगायचास. कधीच ताकास तूर लागू दिली नाहीस. नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं, भाऊ. मी विश्वास ठेवला असता. पण तू नाहीही म्हणाला नाहीस.

तर असं हे मनात घेऊन मी तुझ्या दारावर आले. बायांमध्ये बसले, रडले. रडणं खोटं नव्हतं. तुझ्या चपला अजून दाराशीच होत्या. गर्दी कमी झाली तशी तुझी बायको, सुमनवहिनी, मला आतल्या खोलीत घेऊन गेली. मला वाटलं, काही निरोप ठेवलाय तू. पण ती बाई स्वतःचाच संशय घेऊन बसली होती. हळू आवाजात म्हणाली, “बेन, तू त्यासले भलती जुनी वळखस. खरं सांग, ती कोन व्हती?”

कोण, कधीची, मला काहीच कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. आखाजीला घरात पितरांच्या घागरी भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आंबा ठेवतात, गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं पाणी सोडतात. तुझ्या बापाची घागर भरून व्हायची, आईची व्हायची, आणि तू एक आणखी भरायचास. दरवर्षी. स्वतः कुंभाराकडून आणायचास, वहिनीला हात लावू द्यायचा नाहीस. ती म्हणाली, “मी इचारं, कोननी घागर शे? तं म्हने, एक मायनी. माय तं तठे भरेल व्हती, मंग ही दुसरी माय कोन? माले वाटे, कोनी बाई व्हती याना मनमा.”

कधीपासून, असं मी विचारलं. बाहेर मंडपवाल्याशी बोलत असलेल्या तुझ्या मुलाकडं तिनं बोट केलं आणि म्हणाली, “हाऊ पाळनामा व्हता, तव्हयपाईन.”

मुलाच्या बारशाचं बोलावणं घेऊन तू मळ्यात आला होतास, भाऊ. तेव्हा माझ्या आईला जाऊन थोडेच दिवस झाले होते, आणि सुतकामुळं मी येणार नाही म्हटलं तर तू माझ्याकडं न बघता परत गेला होतास.

मी वहिनीला सांगितलं, ती कोणी बाई नव्हती, ती माझी आई होती.  वहिनी रडायला लागली, आणि या वेळी मला वाटतं सुटल्यासारखी रडली. जन्मभराचा तिचा संशय मी एका वाक्यात काढून टाकला. माझा मात्र कोणी काढला नाही.

परत येताना एसटीत मी तुझ्याशी भांडले. मनातल्या मनात, पण शेजारची बाई सरकून बसली. माझ्या आईला लेकीच्या वाट्याचं पाणी तू देत होतास आणि मला एक शब्द बोलला नाहीस? मला सांगितलं असतंस तर मी स्वतः गेले असते, पलीकडं, भावाच्या दारात, आणि त्याचे पाय धरले असते. आता तो भाऊही हयात नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. नाहीतर परक्या बाईच्या आईची घागर कोण भरतो? पण मग वाटे, का नाही भरणार? तू होतासच तसा. तुझ्या हातानं छापलेल्या ओळीपायी एका लेकीची आई तिला न बघता गेली, ओळ कोणाची का असेना, एवढ्यानंही तुझ्यासारखा माणूस जन्मभर घागर भरेल. म्हणजे पुन्हा तिथंच आले. घागर म्हणजे कबुली नव्हे. मेल्यावरसुद्धा तू मला अर्धवटच उत्तर दिलंस. राग येतो, आणि त्याच रागात आईला दरवर्षी पाणी मिळालं हे आठवून हात जोडले जातात. दोन्ही एकदम कसं सोसायचं ते तू सांगून गेला नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे सगळे उभे राहिले. वाचणारी मीच. कविता शेवटच्या रांगेत होती, रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. मी वाचत गेले, लोक म्हणत गेले. शेवटचं पान आलं. ती ओळ मी वाचली नाही. पुस्तिका मिटली. आयुष्यात पहिल्यांदा छापलेलं काही गाळलं.

काय झालं असेल सांग. मी गप्प, आणि सगळा मळा माझ्याशिवाय ती ओळ म्हणाला. सगळे मिळून, न अडखळता, म्हातारे, बाया, काल आलेलेसुद्धा. कविताचेही ओठ हलताना मी पाहिले. बाप तिकडं मरणाला टेकलेला आणि पोर हात जोडून म्हणतेय, मागच्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नये.

मग मला राहवलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं, “ही ओळ बाबांची नाही. छापणाऱ्याची आहे. त्यानं जाण्याआधी मला स्वतः सांगितलं.”

 मोठ्या माणसांतले एक जण म्हणाले, इतकी वर्षं का नाही सांगितलं त्यानं? मी म्हटलं, लाजेपायी.  तुझ्या शब्दावर मळ्यात आजवर कोणी शंका घेतली नव्हती, त्यांनीही घेतली नाही. कविता पिशवी आणायला आत पळाली. कोणीतरी पोराला मोटारसायकल काढायला सांगितलं, विसरवाडीला सोडलं तर पुढं गाडी मिळेल म्हणून. दुपारी तिचा फोन आला, बापानं तिला ओळखलं.

तर भाऊ, तू जे कधी बोलला नाहीस ते मी तुझ्या नावानं बोलून बसले आहे. खरं असेल तर माझ्या आईचं देणं तुझ्याकडं आहे आणि ते फिटणार नाही. खोटं असेल तर बाबांचा शेवटचा शब्द मी पुसला, आणि तो तुझ्या माथी मारला. कोणतं ते आता कोणी सांगणार नाही. पण आता इथं माणसं जातात आणि परत येतात, आणि नव्या पुस्तिकेत त्या ओळीची जागा मी कोरी सोडायला सांगितली आहे. लोकांना तिथं दुधाचा हिशोब मांडू दे.